वजनकाट्याचे प्रामाण्य

घरातला वजनकाटा हे ज्ञानाचे साधन आहे. भारतीय दर्शनांच्या परिभाषेत ते एक प्रमाण आहे. डोळ्यांना वा हाताला जे अंदाजानेच कळते, ते काटा आकड्यात सांगतो. मात्र हाच काटा सकाळी 78.4 दाखवतो, दोन फरशा पलीकडे सरकवला की 77.1 वर येतो, आणि खाली उतरून पुन्हा चढले की 78.9 होतो. महिनाभर भाकरी मोजून खाणाऱ्या आणि पहाटे उठून चालणाऱ्या माणसाला याचा वैताग येतो. तो वैताग तब्येतीपुरता नसतो. ज्या साधनाने मोजायचे, ते साधन बरोबर आहे हे कशाने ठरवायचे, हा तत्त्वज्ञानातला फार जुना वाद त्यात आहे.

फुलंब्रीसारख्या गावात काट्याविषयीचा संशय कोणाला शिकवावा लागत नाही. छत्रपती संभाजीनगरहून सिल्लोडमार्गे अजिंठ्याला जाणाऱ्या रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव. कापूस, मका आणि अद्रक ही या भागातली पैशाची पिके. पीक काढणाऱ्याची वर्षाची मिळकत शेवटी एका काट्यावर ठरते. 'मापात पाप' एवढे दोन शब्द उच्चारले की पुढचे सगळ्यांना कळते. व्यापाऱ्याच्या काट्यावर भरवसा नसला की शेतकरी भरलेली गाडी आधी धर्मकाट्यावर नेतो आणि ती पावती खिशात ठेवूनच सौद्याला बसतो. धर्मग्रंथांनीही हे पाप जागोजाग नोंदवले आहे. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात खोटी मापे वापरणे हा अचौर्य व्रताचा अतिचार, म्हणजे व्रतातला दोष, मानला आहे. बौद्ध ग्रंथांत खोटा तराजू भिक्षूने टाळायच्या गोष्टींत येतो. मनुस्मृती राजाला दर सहा महिन्यांनी वजनेमापे तपासायला सांगते, तर कौटिल्याचे अर्थशास्त्र दर चार महिन्यांनी. धर्मशास्त्रकारांपेक्षा अर्थशास्त्रकाराचा माणसावरचा विश्वास थोडा कमी असावा.

या सगळ्या नियमांत दोन पक्ष गृहीत आहेत: एक देणारा, एक घेणारा. एकाचे नुकसान हा दुसऱ्याचा फायदा. घरच्या काट्यावर दोन्ही पक्ष एकच माणूस असतो. तरीही फसवणूक होते, आणि तिथे धर्मकाट्याची पावती कोणी मागत नाही.

दोन पारड्यांचा तराजू आणि पायाखालचा काटा यांच्या कामाची रीत वेगळी आहे. तराजू तुलना करतो. एका पारड्यात वस्तू, दुसऱ्यात वजन. दांडी आडवी झाली की निवाडा झाला. अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात शिबी राजाची कथा रंगवलेली आहे. शरण आलेल्या कबुतराच्या भारंभार मांस राजा स्वतःच्या अंगाचे कापून देतो, पण पारडे काही उचलत नाही. कथेत तराजूवर कोणी शंका घेत नाही, कारण तिथे देवच परीक्षा घेत असतात. माणसांच्या व्यवहारात एवढी सोय नसते. 1674 साली राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांची सुवर्णतुला झाली; रायगडावर आलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन याच्या नोंदीत ते वजन सुमारे 16,000 होन असे आहे. हा आकडा किलोत आणायचा तर एका होनाचे वजन आधी ठरवावे लागते. पावणेतीन ग्रॅम धरले तर 44 किलो होतात, साडेतीन धरले तर 56. बारा किलोंचा हा फरक महाराजांच्या देहातला नाही, दुसऱ्या पारड्यातल्या नाण्यातला आहे.

पायाखालच्या काट्यात दुसरे पारडेच नसते. काचेच्या पाटीखाली चार कोपऱ्यांत चार लोडसेल असतात. भार पडला की त्यांतली धातूची पट्टी अगदी किंचित वाकते, तिला चिकटवलेल्या बारीक तारेचा विद्युतरोध बदलतो, आणि त्या बदलाचा किलोतला आकडा काचेवर उमटतो. म्हणजे काटा भार तोलत नाही. पट्टी किती वाकली त्यावरून भाराचे अनुमान करतो. अनुमान म्हटले की त्याच्या अटी आल्या. चारही पाय टणक, सपाट जागी हवेत. मराठवाड्यातल्या घरांत शहाबादी फरशी असते, तिचे सांधे कुठे उचललेले तर कुठे खचलेले. काट्याचा एक पाय सांध्यावर गेला की त्या कोपऱ्याचा हिशेब बिघडतो. बॅटरीचा सेल उतरत आला की आकडा भरकटतो. सतरंजीवर ठेवलेला काटा तर वेगळेच काही सांगतो. काही काट्यांची आणखी एक खोड म्हणजे ते शेवटचा आकडा लक्षात ठेवतात आणि नवा त्याच्या आसपास असेल तर जुनाच पुन्हा दाखवतात. मालक समाधानाने म्हणतो, काटा पक्का आहे, तीनदा चढलो तरी तोच आकडा. एकच साक्षीदार तीनदा तेच बोलला म्हणून त्याची साक्ष खरी ठरत नाही, हे न्यायालयात सगळ्यांना कळते. स्नानगृहात विसरले जाते.

काटा निर्दोष असला तरी देह एका आकड्यावर थांबत नाही. तांब्याभर पाणी प्यायले की तेवढे वजन तत्काळ वाढते. लग्नाच्या पंगतीतला खारट रस्सा दुसऱ्या दिवशी अंगात पाणी धरून ठेवतो. स्नायूंत आणि यकृतात साठवलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. उपवासाच्या पहिल्या एकदोन दिवसांत हा साठा उतरतो आणि काट्यावर किलोदीड किलो गेल्याचे दिसते. चरबी एवढ्या लवकर जात नाही. एक किलो चरबीत सुमारे 7,700 किलोकॅलरी असतात. एका निर्जळी एकादशीने ती वितळणे शक्य नाही. द्वादशीला पारणे झाले की पाणी परत येते आणि आकडाही परत येतो. साबुदाण्याची खिचडी, भगर आणि शेंगदाण्याची आमटी असा फराळ झाला असेल तर आकडा आधीच्या पुढेही जातो. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण काट्याच्या कितीतरी आधीची आहे.

'मोजणाऱ्याला कोण मोजणार' या प्रश्नावर न्यायदर्शनाने तराजूचाच दाखला घेतला आहे, हे वजनकाट्यावर चिडणाऱ्यांना फारसे ठाऊक नसते. प्रमाणांवरचा आक्षेप असा: प्रत्येक वस्तू प्रमाणाने सिद्ध होत असेल तर प्रमाण कशाने सिद्ध होते? दुसऱ्या प्रमाणाने म्हटले तर त्याला तिसरे लागेल, तिसऱ्याला चौथे. ही साखळी संपायची नाही. आपोआप सिद्ध होते म्हटले तर इतर वस्तूंनी काय घोडे मारले आहे? माध्यमिक पंथाचा आचार्य नागार्जुन याने 'विग्रहव्यावर्तनी' या ग्रंथात हा आक्षेप फार धारदारपणे मांडला. परंपरा त्याला सातवाहन राजाचा मित्र मानते, आणि सातवाहनांची राजधानी पैठण फुलंब्रीच्याच जिल्ह्यात आहे.

गौतमाच्या न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात याचे जे उत्तर आहे, ते तराजूच्या दृष्टान्ताने दिले आहे. तराजू प्रमाण आहे, पण त्याच तराजूला प्रमेयही करता येते. म्हणजे तो मोजतो तसा मोजलाही जातो. भाष्यकार वात्स्यायनाने सोन्याचे उदाहरण घेतले आहे. एका तराजूने सोन्याचे वजन ठरवले. मग ज्याचे वजन ठरले आहे ते सोने दुसऱ्या तराजूत घालून तो तराजू खरा की खोटा हे पाहता येते. सोने आधी प्रमेय होते, आता प्रमाण झाले. वस्तू तीच, भूमिका बदलली. साखळी अनंत होते ती सगळ्याच गोष्टींवर एकाच वेळी शंका घेतली तर; व्यवहारात शंका एका वेळी एकीवरच येते आणि बाकीच्यांच्या आधाराने ती फिटते. नागार्जुनाचे यावर समाधान झाले नसते. आधार देणाऱ्या बाकीच्या गोष्टीही अशाच एकमेकींवर टेकलेल्या आहेत, असे तो म्हणाला असता, आणि तर्काच्या दृष्टीने त्याचा मुद्दा खोडणे सोपे नाही. पण ज्याला उद्या सकाळी काट्यावर चढायचे आहे, त्याला नैयायिकाचे उत्तर पुरेसे आहे. शेतकऱ्याच्या घरात तर सोन्याचीही गरज नाही. युरियाची न फोडलेली गोणी 45 किलोंची असते, डीएपीची 50 किलोंची. गोणी काट्यावर उभी करावी. काटा 47 दाखवू लागला तर दोष कोणाचा हे कळते. गोणीने रात्री जास्तीची पोळी खाल्लेली नसते.

दुसरा वाद मीमांसक आणि नैयायिक यांच्यातला. कुमारिल भट्टाचे अनुयायी म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असते. बाधक काही समोर येत नाही तोवर ते खरेच धरावे. नैयायिक म्हणतात, ज्ञानाचे खरेपण बाहेरून ठरते. त्यानुसार वागून काम साधले तर ते खरे. विद्यापीठांत हा वाद शतकानुशतके चालला. काट्यावर उभा असलेला माणूस तो एका मिनिटात दोन्ही बाजूंनी लढवतो. आकडा कमी आला की तो मीमांसक असतो: काटा म्हणतो ते खरे, तपासायचे कारण नाही. आकडा जास्त आला की तो नैयायिक होतो: फरशी बघतो, सेल काढून घालतो, घड्याळ आणि पाकीट उतरवतो, पुन्हा चढतो. वैतागाचे खरे मूळ इथे आहे. मनासारख्या आकड्याची तपासणी होत नाही, नकोशा आकड्याचीच होते. त्यामुळे दीर्घकाळ टिकणारी चूक बहुधा सुखाच्या बाजूची असते. कापूस घेणारा व्यापारी हेच करतो तेव्हा त्याला मापात पाप म्हणतात.

उरतो प्रमेयाचा प्रश्न. काटा भार सांगतो. चरबी, बळ, आरोग्य यांतले काहीही त्याला दिसत नाही. गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात वजन उतरवण्याची सर्वांत मोठी चर्चा झाली ती डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी पसरवलेल्या आहारपद्धतीची: दिवसात दोनदाच जेवण, प्रत्येक 55 मिनिटांच्या आत, आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणे. या पद्धतीवर डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत. पण तिथेही आरंभी उपाशीपोटीचे इन्शुलिन आणि एचबीएवनसी या रक्ततपासण्या करायला सांगतात, म्हणजे काट्याची एकट्याची साक्ष पुरेशी मानत नाहीत.

काट्याशिवाय वजन उतरवल्याची एक जुनी कथा संयुत्तनिकायात आहे. कोसलचा राजा प्रसेनजित द्रोण या मोठ्या मापाने भरलेल्या भाताचे जेवण करून धापा टाकत बुद्धांना भेटायला गेला. बुद्धांनी मिताहारावर एक गाथा म्हटली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणून दाखवण्यासाठी त्याला दिवसाचे शंभर कार्षापण ठरवून दिले. जेवण हळूहळू नाळी या लहान मापाच्या भातावर आले. पुढे एक दिवस हलक्या झालेल्या अंगावरून हात फिरवत राजाने आनंद व्यक्त केला. या कथेत माप आहे, पण ते ताटाला लावलेले आहे, देहाला नाही. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातला युक्ताहार आणि ज्ञानेश्वरीतले त्याचे विवरण यांचाही रोख ताटाकडेच आहे. किती खायचे हे माणसाच्या हातात असते. काट्यावर वजन किती भरायचे यात पाण्याचा, मिठाचा, झोपेचा आणि फरशीचाही वाटा असतो. कर्म आणि फळ यांतला भेद गीतेने युद्धाच्या निमित्ताने मांडला, पण तो पोळी-भाताला लावायला काही हरकत नाही.

तरीही काही जण प्रत्येक शंभर ग्रॅमचा पिच्छा सोडत नाहीत. त्यांच्यासाठी देवगिरीवरची एकनाथांची कथा आहे. जनार्दनस्वामींकडे हिशेब लिहिताना एका पैची चूक लागेना. एकनाथ रात्रभर जागले आणि चूक सापडताच आनंदाने टाळी वाजवली. पैसाठी लागली तशी तन्मयता ईश्वराकडे लागली तर, असे स्वामी म्हणाले, अशी परंपरा आहे. ही कथा एकाग्रतेचा गौरव म्हणून सांगतात. एकाग्रता कुठे खर्चावी हा प्रश्नही तिच्यात तितकाच आहे. आणि एकनाथांची वही जुळण्यासारखी होती. देहाची जुळत नाही, कारण श्वासावाटे आणि घामावाटे दिवसभर जे जाते त्याची नोंद कोणीच करत नाही. दोनशे ग्रॅमचा रोजचा चढउतार शोधत बसणे म्हणजे अर्ध्या नोंदी गहाळ असलेल्या वहीत पै शोधणे होय.

आजचा कायदा या बाबतीत कौटिल्यापेक्षा सैल आहे. वैधमापनशास्त्र अधिनियम 2009 आणि त्याखालचे 2011 चे नियम यांनुसार व्यापारातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी करून त्यावर वर्षातून एकदा शिक्का घ्यावा लागतो. माणसाच्या आरोग्याविषयी निर्णय घेण्यासाठी वापरलेले वजनयंत्रही कायद्याच्या कक्षेत येते. घरात स्वतःपुरत्या वापरलेल्या काट्यावर असा शिक्का नसतो आणि तो तपासायला कोणी निरीक्षक येत नाही. ते काम घरच्यांनीच करायचे आहे: काट्याची जागा एकच ठेवावी, वेळ एकच ठेवावी, महिन्यातून एकदा गोणी चढवून पाहावी, आणि आकडा मनासारखा आला त्या दिवशीही ती चढवावी.