क्लोरीनच्या आधीचे पाणी

इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी, दान दिल्याची नोंद जुन्नरच्या शिलालेखांत आहे. खडकात टाके खोदून देणे हे तेव्हा पुण्य होते, कारण मुख्य प्रश्न पाणी मिळण्याचा होता. मिळालेले पाणी थंड आणि नितळ असले की ते चांगले, ही समजूत पुढे शतकानुशतके टिकली. तिला धक्का दिला पटकीने. १८८४ साली रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्यात पटकीच्या जंतूचा माग काढला आणि नितळपणावरचा भरवसा संपला. १९०८ मध्ये अमेरिकेतल्या जर्सी सिटीने शहराच्या पाण्यात कायमस्वरूपी क्लोरीन घालायला सुरुवात केली.

आपल्या गावांत तेच काम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, करते. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ती बादलीत कालवतो, चुना खाली बसू देतो, वरची निवळी टाकीत ओततो. मग नळाच्या पाण्यात क्लोरीन तपासणाऱ्या ओटीचे (ऑर्थोटोलिडीनचे) थेंब टाकायचे. पाणी पिवळे झाले की काम झाले.

पण १९७४ मध्ये रॉटरडॅमच्या योहानेस रूक यांनी दाखवले, की कुजलेल्या पालापाचोळ्यातून पाण्यात उतरलेल्या द्रव्यांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरोफॉर्म आणि त्याची भावंडे, म्हणजे ट्रायहॅलोमिथेन, तयार होतात. दोनच वर्षांत क्लोरोफॉर्ममुळे उंदरांना कर्करोग होतो हे दिसले. माणसांच्या अनेक पाहण्यांत असे पाणी वर्षानुवर्षे पिण्याचा मूत्राशयाच्या कर्करोगाशी संबंध आढळला, पण कार्यकारणभाव पक्का झालेला नाही. आपल्या आयएस १०५०० मानकात क्लोरोफॉर्मची मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे.

मग टीसीएल कमी करायचे? मुळीच नाही. हा धोका असलाच तर दशकांचा आहे. हगवण दोन दिवसांत लेकरू नेते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात जीबीएस (गुइलेन-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हाही संशय गेला तो पाण्यातल्या जंतूंवरच.

पण या दोन भीती एकमेकींविरुद्ध उभ्या करण्यातच गफलत आहे. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, आहुप्याच्या बाजूला, हिरड्याची झाडी आहे. पहिल्या पावसात रानातला पाला आणि भातखाचरांतली माती ओढ्यांतून खाली येते. अशा गढूळ पाण्यात टाकलेले क्लोरीन आधी या सेंद्रिय द्रव्यावरच खर्च होते आणि जंतूंच्या वाट्याला कमी येते. ओटीत रंग उमटत नाही, म्हणून आणखी पावडर पडते, उपउत्पादनेही वाढतात. म्हणजे जंतूंना वाचवणारा गाळ आणि क्लोरोफॉर्म घडवणारा गाळ एकच. तुरटी फिरवून पाणी निवळू दिले, वाळूच्या थरातून गाळले आणि मगच टीसीएल घातले, तर कमी पावडरीत दोन्ही कामे होतात. घरी पाणी उघड्या भांड्यात उकळले, तर क्लोरोफॉर्म बराचसा उडूनही जातो.

ओटीला मात्र यातले काही दिसत नाही. ती फक्त उरलेले क्लोरीन दाखवते. ट्रायहॅलोमिथेनसाठी नमुना प्रयोगशाळेतच पाठवावा लागतो. तो हिवाळ्यातल्या स्वच्छ पाण्याचा घेऊन फारसे काही कळणार नाही. जुलैत घ्यावा, आणि टाकीजवळून न घेता वाडीतल्या शेवटच्या नळावरून घ्यावा, कारण पाणी नळातून जात असतानाही ही द्रव्ये बनत राहतात.