निर्माता आणि स्वामी

एखादी वस्तू आपण निर्माण केली, एवढ्यावरून आपण तिचे स्वामी ठरतो काय? प्रश्न पुरातन आहे; परंतु अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठातील एका संशोधक विद्यार्थ्याच्या प्रयोगामुळे तो नव्याने आपल्यापुढे उभा राहिला आहे.

मायकेल एलोविट्झ हा मूळचा पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी. पेशीतील यंत्रणा उलगडून पाहण्याऐवजी ती स्वतःच रचून का पाहू नये, हा विचार त्याला जीवशास्त्राकडे घेऊन आला. स्टानिस्लास लायब्लर या मार्गदर्शकाच्या साहाय्याने त्याने तीन जनुके निवडली. पहिल्याने दुसऱ्याला दाबावे, दुसऱ्याने तिसऱ्याला आणि तिसऱ्याने पुन्हा पहिल्याला, अशी ती चक्राकार गुंफून ई. कोलाय या जीवाणूत घातली. अशा परस्परदमनातून लंबकासारखी आंदोलने उद्भवू शकतील, असे गणित सांगत होते. साक्षीला चमकणारे हिरवे प्रथिन होते. पेशी खरोखरच उजळू आणि मंदावू लागल्या. एका आवर्तनास सुमारे अडीच तास लागत. २००० साली हा प्रयोग 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला आणि संश्लेषी जीवशास्त्राच्या आरंभीच्या प्रयोगांत त्याची गणना होऊ लागली.

तथापि हे घड्याळ नेमके चालले नाही. कित्येक पेशींत आंदोलने दिसलीच नाहीत. एकाच पेशीपासून जन्मलेल्या भावंडांचा तालही थोड्याच काळात जुळेनासा झाला. आराखडा एक, आचरण भिन्न! एकच परिपत्रक दोन जिल्ह्यांत पाठवून ज्यांनी त्याची फळे पाहिली आहेत, त्यांना याचे नवल वाटू नये. एलोविट्झने हे वैगुण्य झाकले नाही. तेच त्याने पुढील अभ्यासाचा विषय केले. आणि जनुकांच्या कार्यात यदृच्छेचा अंश अंगभूतच असतो, हे २००२ साली सहकाऱ्यांसह दाखवून दिले.

मृत सिंहाला जिवंत करणाऱ्या विद्वानांची पंचतंत्रातील कथा येथे आठवते. त्यांची विद्या खोटी नव्हती. आपण उठविलेला सिंह आपल्यावर उलटणार नाही, हे त्यांनी गृहीत धरले, हा त्यांचा प्रमाद. मग अशी रचना करूच नये काय? तसे मला वाटत नाही. रचून पाहिल्यावाचून आपल्या सत्तेची मर्यादाही कळली नसती. मात्र ती कळल्यानंतर "मी असे योजिले नव्हते" ही सबब निर्मात्याला उरत नाही. आपली कृती आपल्या आज्ञेबाहेर जाऊ शकते, हे ज्याला ठाऊक आहे, त्याने ती हातावेगळी करण्यापूर्वी अधिक काळ तिच्यापाशी जागले पाहिजे. स्वामित्व जेथे संपते, तेथे उत्तरदायित्व संपत नाही.