पुन्हा सुकाणूपाशी

16 एप्रिल 2017 रोजी इंग्लंडमधील डॉनिंग्टन पार्कच्या धावमार्गावर, फॉर्म्युला फोरच्या शर्यतीत, समोर जवळजवळ थांबलेल्या गाडीवर आदळून बिली मंगर या अवघ्या 17 वर्षांच्या मुलाने आपले दोन्ही पाय गमावले. ज्या वयात मुलाने सायकलसुद्धा जपून चालवावी म्हणून घरची माणसे दारात उभी असतात, त्या वयात या मुलाने पुन्हा त्याच उघड्या चाकांच्या, एकाच आसनाच्या गाडीत बसण्याचा निश्चय केला. आणि अपंग चालकास अशी गाडी चालविण्यास मोटार-शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनी जी मनाई होती, तिच्याविरुद्ध रीतसर दरखास्त करून ती उठवून घेतली. हे धैर्य मला त्याच्या वेगाहूनही थोर वाटते.

वेग वाढविण्याची कळ सुकाणूवरच बसवून घेऊन, 2018 च्या मार्चमध्ये, ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीतील पहिल्याच शर्यतीत तो तिसरा आला. पुढे मे 2019 मध्ये, फ्रान्समधील पो नगराच्या रस्त्यांवर झालेल्या शर्यतीत, आभाळाचा रंग ओळखून त्याने आरंभीच पावसाळी टायर चढविले. त्यापायी सर्वांच्या मागे पडूनही धीर न सोडता, एकेक गाडी मागे टाकीत, आणि अग्रभागीचे दोघे परस्परांस धडकताच पुढे सरसावून, त्या ओल्या, अरुंद रस्त्यांवर तो पहिला आला.