अंगठ्याचे मोल

मनुष्यदेहाच्या अवयवांना किंमत लावणे ही कल्पनाच सुसंस्कृत मनाला असह्य वाटते. हात, पाय, डोळे या काही बाजारात मांडण्याच्या वस्तू नव्हेत. असे असूनही आपल्या देशात अशी एक दरपत्रिका शंभर वर्षांपूर्वी तयार झाली, आणि ती तयार केली प्रत्यक्ष विधिमंडळाने. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या मूळ अनुसूचीत उजवा हात कोपरापासून गेला तर कमाईची शक्ती 70 टक्के घटली, डावा गेला तर 60 टक्के, असे धरले होते. अंगठ्याला 25 टक्के होते; पुढे ते 30 झाले. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हा कायदा विलीन करण्यात आला, तरी त्याने उभा केलेला प्रश्न मिटलेला नाही. गेलेल्या अवयवाबद्दल पैसे देणे, हा न्याय की अवहेलना?

या कलकत्त्यात राहणाऱ्यांना तो प्रश्न परका वाटू नये. 1855 साली रिषडा येथे तागाची पहिली गिरणी उभी राहिली आणि पुढे हुगळीचे दोन्ही तीर धुराड्यांनी भरून गेले. बिहार, ओरिसा, आंध्र येथून आलेल्या माणसांनी त्या यंत्रांपुढे आयुष्ये घालविली. यंत्रात बोटे सापडली तर जुना न्याय त्यांना सांगे की, मालकाचा दोष सिद्ध करा. शिवाय मजुरी स्वीकारलीत तेव्हा धोकाही स्वीकारलात. 1923 च्या कायद्याने ही भूमिका बदलली. अपघात कामामुळे आणि काम चालू असता घडला, एवढे पुरे. मालकाचा दोष दाखविण्याची गरज नाही. यामागील विचार साधा, पण खोल आहे. चात्या झिजल्या तर त्यांचा खर्च गिरणीच्या हिशेबात पडतो. मग चात्यांपाशी उभ्या असलेल्या माणसाची हानी तेवढी त्याच्या नशिबाच्या खाती का टाकावी?

नशीब हा शब्द आपल्याकडे फार सोयीचा आहे. दुःखिताला तो धीर देतो, हे खरे. पण ज्याच्याकडून येणे असते त्यालाही तो मोकळा करतो.

तथापि दरपत्रिकेवरील मुख्य आक्षेप उरतोच. एकलव्याचा अंगठा आणि एखाद्या द्वारपालाचा अंगठा यांचे मोल सारखेच का? 1975 साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचे प्रकरण आले. चित्रपटगृहात काम करताना तो पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. अनुसूचीप्रमाणे हे अंशतः अपंगत्व. परंतु एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची शक्ती पूर्णपणे गेली, हा निर्णय न्यायालयाने उचलून धरला. पुढे 2010 मध्ये त्याच न्यायालयाने एक तुलना मांडली. डावा हात गेला तर वाहनचालकाची किंवा सुताराची जवळजवळ सारी कमाई बुडेल. सरकारी कारकुनाची मात्र नोकरी टिकू शकेल. लेखणीवर जगणाऱ्या आपणांसारख्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे. एकच जखम दोन घरांत सारखी शिरत नाही.

येथवर तर्क बिनचूक वाटतो. पण कमाई हेच माप धरले की दुसरा अन्याय दाराशी येतो. 14 ऑक्टोबर 1954 रोजी याच शहरात देशप्रिय पार्कजवळ कवी जीवनानंद दास ट्रामखाली सापडले आणि 22 ऑक्टोबरला निवर्तले. वय 55, पेशा अध्यापकाचा, मिळकत बेताची. आजच्या मोटार-अपघात न्यायाधिकरणाच्या रीतीने हिशेब केला तर वार्षिक उत्पन्नातून स्वतःचा खर्च वजा घालून त्यास 11 ने गुणावे लागेल. येणारी रक्कम लहानच असेल. बंगाली भाषेचे काय गेले, पेट्यांत अप्रकाशित पडलेल्या कादंबऱ्यांचे मोल काय, हे त्या गुणाकारात कोठेच बसत नाही. हिशेब चुकीचा नाही. तो माणसाच्या एका अंशाचाच आहे.

मग ज्याची कमाईच नाही त्याचे काय? 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने अशा एका मुलीचा निकाल दिला. बाराव्या वर्षी झालेल्या अपघाताने ती शरीराने व बुद्धीने कायमची परावलंबी झाली होती. न्यायालयाने कुशल कामगाराचे किमान वेतन तिची मिळकत म्हणून गृहीत धरले, आयुष्यभराच्या दोन परिचारकांचा खर्च जमेस धरला, आणि एकूण 62 लाख 27 हजार रुपये मंजूर केले. परिचारकांची ही बाब मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते. घरातील एखादी आई किंवा बहीण जी सेवा उमर संपेपर्यंत मुकाट्याने करते, तिलाही दाम असतो, हे येथे आकड्यांत मान्य झाले.

यावरून माझे मत असे बनले आहे की, भरपाई ही अवयवाची किंमत नव्हेच. किंमत दिल्यावर वस्तू घेणाऱ्याची होते. येथे कोणी काही विकलेले नाही. भरपाई म्हणजे ऋणाची कबुली. ज्याच्या श्रमावर किंवा ज्याच्या धोक्यावर इतरांचा लाभ उभा राहिला, त्याच्याविषयीचे हे देणे आहे. ते अपुरे पडणारच. परंतु अपुरे ऋण फेडणे आणि ऋणच नाकारणे यांत अंतर आहे.

सुताराच्या त्याच निकालात आणखी एक गोष्ट सांगितली होती. देणे लागू होते ते इजा झाल्या क्षणापासून. आयुक्ताने आकडा ठरविल्या दिवसापासून नव्हे. म्हणजे फाइल टेबलावर पडून राहते तो प्रत्येक दिवस थकबाकीचा असतो. आपणांपैकी अनेकांच्या हातांखालून असे अर्ज गेले असतील, पुढेही जातील. अर्जाच्या तळाशी सहीऐवजी उमटलेला अंगठा पाहून आपल्या मनात दयेचा भाव येतो. तो सोडून द्यावा. दान करणाऱ्याला सवड असते. देणेकऱ्याला ती नसते.