शेजाऱ्याचा ऊस

बांधाच्या वादापायी वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजविणारे दोन शेतकरी एकाच साखर कारखान्याचे सभासद असतात, याचे मला फार कुतूहल वाटत आले आहे. प्रेमावाचून सहकार होतो, तो कशाच्या जोरावर?

१९५० साली त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यात, लोणीजवळ, प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे त्यासाठी गावोगाव हिंडले होते. गावांत एकाएकी बंधुभाव उपजला म्हणून भाग जमले, असे मला वाटत नाही. तोडलेला ऊस थांबत नाही. दिवसागणिक उतारा घटतो. आणि एका गावाच्या उसावर कारखाना चालत नाही. शेजाऱ्याचा ऊस असा आपल्या गरजेचा होऊन बसतो. शिवाय अध्यक्ष कोण, तर पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. म्हणजे ज्यांच्या बांधाला कोणाचाच बांध लागत नव्हता! वजनकाटा खरा असला, की मने जुळण्याची वाट पाहावी लागत नाही.

पण साखरपट्ट्यातला हा ऊस तोडतो कोण? शेजारच्या बीड जिल्ह्यातली, पाथर्डीकडची कोरडवाहू माणसे. नवराबायको मिळून ‘एक कोयता’ धरतात; मुकादमाची उचल हंगामभर फेडायची. शेजारी तेही, गरज त्यांचीही. मात्र ऊस लावील तो सभासद, तोडील तो नव्हे. गरजेनेच माणसे भागीदार होत असतील, तर ही का झाली नाहीत, हे मला कोणत्याही काट्यावर तोलता येत नाही.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल, तेव्हा त्यांतली कितीतरी बिऱ्हाडे घराला कुलूप घालून वाटेला लागलेली असतील.