उतार नंतर आला

स्वस्थ बसा. पाठ अगदी ताठ नसली तरी चालेल.

पोर्तुगालचा किनारा डोळ्यांसमोर आणा. लिस्बनच्या दक्षिणेला, सेसिंब्राजवळ, काबो एस्पिशेलचं भूशिर. खाली अटलांटिक. कड्यात चुनखडीचे थर तिरके उभे आहेत, आणि 'पेद्रा दा मुआ' नावाच्या उघड्या थरावर ठशांच्या रांगा समुद्रातून वर चढत आल्यासारख्या दिसतात.

हे ठसे जुन्या भाविकांनीही पाहिले होते. मेरीमाता खेचरावर बसून समुद्रातून आली नि कडा चढून गेली, अशी तिथली आख्यायिका. माथ्यावरच्या चिमुकल्या प्रार्थनाघरात 18व्या शतकातल्या निळ्या-पांढऱ्या फरश्यांवर तो प्रसंग रंगवलाय, ठशांसकट. हसू नका. इथून कुणीतरी वजनदार चालत गेलं, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. चुकली ती चढण.

कारण चढण नव्हतीच. आता तो कडा मनातल्या मनात सावकाश आडवा करा. आफ्रिका आयबेरियाला रेटत राहिली, तेव्हा कुठे लाखो वर्षांत हे थर कलले. तुम्हीही वेळ घ्या. पुरता आडवा झाला? मग तुम्ही ज्युरासिकच्या अखेरीस, सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ किनाऱ्यावर आहात. पायाखाली चुन्याचा मऊ गाळ, लावणीच्या खाचरात असतो तसा.

त्यात एक पाय रुततो. गाळ कडेनं वर सरकतो. पाय निघतो, खळगा उरतो, जरा घट्ट होतो आणि नव्या गाळाखाली झाकला जातो. इथे थोडं थांबा, खळग्याचा काठ नीट पाहा. मागच्या पायाचा ठसा मोठा, पुढच्याचा लहान आणि अर्धगोल. हे सॉरोपॉड, लांब मानेचे शाकाहारी डायनासोर.

शेजारी आणखी रांगा आहेत. सात लहान जनावरं, एकाच दिशेनं, समांतर. जीवाश्म-ठशांचे अभ्यासक मार्टिन लॉकली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 मध्ये हा पिल्लांचा कळप असल्याचं मांडलं. मला विचाराल तर, या कड्यावरचं सगळ्यात मोठं नवल हेच: एकट्या हाडाला सोबत सांगता येत नाही, रांगांना येते.

त्या सातांच्या बाजूनं चाला. दोन ठशांमधल्या अंतरावरून चाल कळते. ही पळापळ नाही, नुसतं चालणं आहे. त्यांच्या खळग्यांत पाय घालू नका. शेजारचा गाळ अजून कोरा आहे, तिथे टाका.