गोणीच्या तोंडाशी निघालेला पैसा

मननासाठी शास्त्रभाग : उत्पत्ति, अध्याय ४२ व ४३

कनान देशी दुष्काळ पडला असता याकोबाचे पुत्र मिसर देशी गेले व मोल चुकते करून धान्य घेऊन परतले, ही कथा आमच्या मंडळ्यांतील मुलांसही ठाऊक आहे. गोण्या सोडून पाहतात तो ज्याचा त्याचा पैसा गोणीच्या तोंडाशी! धान्यही पदरात आणि पैसाही पदरात. हा पैसा त्यांनी चोरला नव्हता व कोणापाशी मागितलाही नव्हता. तो तेथे कसा आला हेही त्यांस कळत नव्हते. घरी खाणारी तोंडे पुष्कळ, दुष्काळ कडक, आणि मिसर दूर. तो पैसा त्यांनी ठेवून घेतला असता तर कोण विचारावयास येणार होते? परंतु दुसऱ्या खेपेस निघताना वृद्ध याकोबाने त्यांस निक्षून सांगितले की, नव्या धान्याचा पैसा वेगळा घ्या आणि परत आलेला पैसाही बरोबर न्या. कदाचित् कोणाच्या हातून चूक झाली असेल.

वाचकहो, ह्या एका गोष्टीवर आज आम्ही थोडे लिहू इच्छितो. आजच्या काळी गोणीची जागा बँकेच्या खात्याने घेतली आहे. मनुष्य नोकरी सोडतो, अथवा नोकरी त्यास सोडते. मग त्याचा शेवटचा हिशेब होतो. त्यात राहिलेला पगार, शिल्लक रजेचा मोबदला, नोटिशीचा पगार, ग्रॅच्युइटी, आणि उचल घेतली असल्यास तिची वजावट, अशा अनेक रकमा एकाच कागदावर येतात. वेतन संहिता, २०१९, हिच्यात नोकरी सुटल्यापासून दोन कामाच्या दिवसांत मजुरी चुकती करावी असे कलम आहे, आणि मजुराच्या हिताचे ते आहे. परंतु जेथे रकमा अनेक व वेळ थोडा, तेथे चूक होणारच. ती चूक कधी मजुराचे नुकसान करिते, कधी मालकाचे.

समजा, कडावजवळच्या एखाद्या वाडीतील बंधू खोपोलीच्या कारखान्यातून सुटला. त्याचे येणे १८,४०० रुपये. खात्यात मात्र जमा झाले २१,४००. पाच दिवसांची शिल्लक रजा, दिवसाला ६०० रुपयांप्रमाणे, कारकुनाने दोनदा धरिली. आता त्या कारखान्याशी त्याचा संबंध उरला नाही. मुकादमाचे तोंड त्यास पुन्हा पाहावयाचे नाही. पोराच्या शाळेचा खर्च पुढे उभा आहे. हे ३,००० रुपये कोणाचे?

ह्या प्रश्नास मनातून चार उत्तरे येतात, आणि ती चारही आम्ही आमच्या लोकांच्या तोंडून ऐकिली आहेत.

पहिले उत्तर असे की, मी कोठे मागितले? त्यांनीच दिले. परंतु देणे आणि हातून सुटणे ह्यांत भेद आहे. द्राक्षमळ्याच्या धन्याने शेवटच्या तासाला आलेल्या मजुरांस पुरी मजुरी दिली, ती जाणूनबुजून व आपल्या खुशीने दिली. म्हणून ती त्यांची झाली. दात्याचे मन ज्यात नाही ते दान नव्हे. दिवाळीस मालकाने पाकीट हाती ठेविले तर ते आनंदाने घ्यावे, त्यात संकोच कशाचा? परंतु बेरीज चुकल्याने जे आले ते बक्षीस नव्हे; ती दुसऱ्याची वस्तू, आमच्या दारी वाट चुकून आलेली. मोशेच्या नियमशास्त्रात वैऱ्याचा बैलही भटकताना दिसला तर त्याच्याकडे पोहोचवावा अशी आज्ञा आहे. मग धन्याचा पैसा किती अधिक!

दुसरे उत्तर असे की, मालक मोठा. त्यास तीन हजारांचे काय? बंधूंनो, ती चूक उघडकीस आली म्हणजे प्रत्येक ठिकाणी मालकाच्याच खिशातून भरून निघते असे नाही. कित्येकदा ती त्या कारकुनाच्या अंगावर येते, आणि तोही आमच्यासारखाच महिन्याच्या पगारावर जगणारा असतो. शिवाय शास्त्र न्यायाच्या कामी श्रीमंताचे तोंड पाहू देत नाही, तसे गरिबाचेही पाहू देत नाही. मापाचा धर्म असा की ते दोहोंकडे सारखेच भरते.

तिसरे उत्तर सर्वांत अवघड आहे : त्याच्याकडे माझेच येणे राहिले होते, जादा वेळ काम केले, त्याचा पैसा त्याने बुडविला, आता फिटंफाट झाली. हे उत्तर आम्ही हलके मानीत नाही. कर्जत व खालापूर तालुक्यांतील कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात, हजार विटांमागे दर ठरतो, आणि पावसापूर्वी जो हिशेब होतो तो बहुधा मालकाच्याच वहीत असतो. त्या वहीत मजुराच्या बाजूने चूक झाल्याचे क्वचितच ऐकू येते! वेठबिगारीचे कर्ज फेडण्याचे बंधन १९७६ च्या कायद्याने नाहीसे केले. तेव्हा असल्या जुलमी कर्जास आम्ही धर्माचे देणे म्हणत नाही, आणि कोणी म्हणू नये. याकोबाच्या पत्रात तर स्पष्टच आहे की, कापणाऱ्यांची अडकवून ठेविलेली मजुरी स्वतःच ओरडते व तो आक्रोश सेनाधीश प्रभूच्या कानी जातो.

तरी ह्या तिसऱ्या उत्तरास उत्तर आहे. लाबानाने याकोबाची मजुरी दहा वेळा फिरविली. वीस वर्षे उन्हातान्हात व थंडीत राबून याकोब निघाला तेव्हा त्याने काय केले? आपले गाऱ्हाणे त्याने दोहोंकडच्या भाऊबंदांसमोर उघड मांडिले व न्याय त्यांजवर सोपविला. आम्हीही तसेच करावे. आमचे येणे असेल तर कागदावर लिहावे : अमुक तासांची मजुरी मला येणे आहे, आणि तीन हजार तुमचे माझ्याकडे जादा आले आहेत, दोन्ही समोर ठेवून हिशेब मिटवू. हा न्याय झाला. परंतु त्याने चुकून दिलेले आम्ही मनातल्या मनात आपल्या येण्यास लाविले, तर वादीही आम्ही, साक्षीदारही आम्ही आणि न्यायाधीशही आम्हीच! अशा कचेरीत आजवर कोण हरला आहे?

चौथे उत्तर असे की, मागितले तर देईन. याकोबाचे पुत्र योसेफाच्या घराच्या दाराशी पोहोचले, तेव्हा कोणी विचारण्यापूर्वीच त्यांनी कारभाऱ्यास सर्व हकीकत सांगितली. कारभाऱ्याने त्यांस धीर दिला आणि तुमचा पैसा मला पावला असे सांगितले. मागून सापडल्यावर दिलेला पैसा आणि आधी होऊन नेलेला पैसा, नाणे तेच. परंतु देणारा मनुष्य तोच नव्हे. लेवीयाच्या पुस्तकात, सापडलेली वस्तू नाकबूल करणाऱ्याने मुद्दल व वर पाचवा हिस्सा भरावा असा नेम आहे. तीन हजारांवर तो सहाशे होतो. जो ताबडतोब परत करितो त्यास मुद्दलच पुरे, असे आम्हांस दिसते. पाचवा हिस्सा हे लपविण्याचे मोल आहे.

कोणी विचारील, कायदा काय म्हणतो? भारतीय करार कायदा, १८७२, ह्याच्या ७२ व्या कलमाप्रमाणे चुकीने ज्यास पैसा दिला गेला त्याने तो परत करणे भाग आहे. दुसऱ्या बाजूने, १८ डिसेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पंजाब सरकारच्या एका खटल्यात असे ठरविले की, कर्मचाऱ्याचा दोष नसता जादा गेलेला पगार वर्ग ३ व ४ च्या नोकरांकडून, निवृत्त झालेल्यांकडून, अथवा पाच वर्षांहून अधिक काळ तो चुकीने दिला गेला असल्यास, सरकारने वसूल करू नये. हा दयेचा न्याय आहे. ज्याने न कळत वर्षानुवर्षे तो पैसा पोटास घातला त्याच्या म्हातारपणी गळ्याशी येऊ नये, हे योग्यच आहे. परंतु वसूल करणाऱ्याचा हात कायद्याने धरिला म्हणून, काल जमा झालेली व आज कळलेली चूक आमची मिळकत होत नाही.

दया करणे हे ज्याचे येणे त्याचे काम. तुकोबारायांविषयी सांगतात की, त्यांनी कर्जाचे कागद इंद्रायणीत सोडिले. परंतु आधी भावाचा वाटा भावाच्या हवाली केला आणि आपल्याच वाट्याचे कागद बुडविले. धनको आपले येणे सोडू शकतो; ऋणको आपले देणे आपणच सोडू शकत नाही.

आता व्यवहाराची गोष्ट. पैसा जादा आला असे वाटले तर प्रथम हिशेबाचा कागद मागून घ्यावा व जाणत्याकडून वाचून घ्यावा. नसती भीती बाळगू नये. चूक खरी ठरली तर लवकर कळवावे, आणि तेही लेखी. पैसा बँकेतून कारखान्याच्याच खात्यात भरावा, कोणा मध्यस्थाच्या हाती रोख देऊ नये, आणि पावती जपून ठेवावी. पैसा खर्चून गेला असेल तर तसे सांगावे व महिन्याला झेपेल तो हप्ता ठरवावा. पाचशेचे सहा हप्ते ही लाजेची गोष्ट नव्हे. मालक वारला असेल तर वारसांस द्यावा. गणनेच्या पुस्तकातही घेणारा कोणीच उरला नाही तेव्हाच तो पैसा परमेश्वराकडे जातो. म्हणून वारस असता दानपेटीत टाकून मोकळे होऊ नये. आणि एखाद्या बंधूस फेडणे खरोखर अशक्य असेल तर मंडळीने त्याचा भार उचलावा. अनेसिमाचे देणे पौलाने आपल्या नावे मांडावयास सांगितले होते, हे पंचांनी विसरू नये.

धनी म्हणविणाऱ्यांसही एक शब्द. तुमच्या दारी कोणी असा पैसा घेऊन आला तर त्यास संशयाने पाहू नका, ताटकळत उभे करू नका. त्याचे काही येणे राहिले असेल तर त्याच दिवशी वही उघडा. मजुराच्या प्रामाणिकपणाची वाखाणणी करून त्याची मजुरी अडकविणे ह्यासारखे ढोंग नाही.

प्रिय बंधुभगिनींनो, आमच्या वाड्यांतून उपदेशक नेहमीच पोहोचतो असे नाही. परंतु आमचे हिशेब कडावच्या बाजारात, भट्टीवर आणि कारखान्याच्या फाटकाशी रोज पोहोचतात, व लोक ते वाचितात. जक्कयाच्या घरी तारण आले त्या दिवशी त्याचे तोंड प्रार्थनेकडे वळले की नाही हे लूक सांगत नाही. त्याचा हात थैलीकडे वळला एवढे मात्र सांगतो. प्रभू आम्हांस असा हात देवो, की जो आपले मागताना कापत नाही आणि दुसऱ्याचे परत करिताना मागे सरत नाही. आमेन.